ॲल्युमिनियम मिश्रधातूंचे तप्त रूपण

ॲल्युमिनियमाच्या मिश्रधातू वितळू न देता पुरेशा तापवून घण, दाबयंत्र किंवा लाटणयंत्र यांच्या साहाय्याने त्यांना इष्ट आकार देण्याच्या क्रियेस तप्त रूपण म्हणतात. घडाई, लाटण व बहिःसारण हे तिचे तीन मुख्य प्रकार असून कारखान्यांतून ते अनुक्रमे फोर्जिंग, रोलिंग व एक्स्ट्रूजन या नावांनीच अधिक ओळखले जातात. पहिल्या दोहोंचे स्वरूप नावावरून स्पष्ट होते. तिसऱ्या प्रकारात तापलेला धातूचा ठोकळा भक्कम नळकांड्यात घालून मागून दट्ट्याने रेटतात व पुढील मुद्रेच्या छिद्रातून तो छिद्राच्याच आकाराची अखंड दांडी, नळी किंवा पट्टी होऊन बाहेर पडतो. सोऱ्यातून शेव पडते त्याच तत्त्वावर हे काम चालते. विमानाच्या पंखांतील तुळया, अग्निबाणांच्या टाक्यांची कडी, मोटारगाडीच्या चाकांना आधार देणारे बाहू, इतकेच नव्हे तर घरांच्या खिडक्यांच्या चौकटी या वस्तूही याच मार्गाने तयार होतात.

धातू तापवून ठोकण्याची विद्या काही हजार वर्षांची आहे. ॲल्युमिनियमाच्या बाबतीत मात्र तिचा इतिहास जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षांचा असून, लोखंडावर कमावलेले ज्ञान या नव्या धातूला फारसे लागू पडत नाही, असा अनुभव त्या इतिहासात वारंवार आलेला दिसतो. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकविणाऱ्या बारामती व इंदापूर तालुक्यांतील कन्हेरी, कळंब यांसारख्या गावांतील लोहार बैलगाडीच्या चाकावर धाव चढविताना किंवा फाळाला पाणी देताना तापमापक वापरीत नसे. भट्टीत लोखंड प्रथम काळसर तांबडे, मग लालबुंद, नंतर नारिंगी व शेवटी पिवळे होत जाते. कोणत्या रंगाला घण घालावा आणि कोणत्या रंगाला थांबावे, हे त्याच्या डोळ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असे. ॲल्युमिनियम हा संकेत देत नाही. तापलेल्या पदार्थाचा स्वतःचा प्रकाश सुमारे ५२५° से. च्या खाली डोळ्यांना सहसा जाणवत नाही, तर ॲल्युमिनियमाच्या बहुतेक मिश्रधातूंचे तप्त रूपण ३५०° ते ५००° से. या पट्ट्यात करावे लागते. घडाईस योग्य असा तापलेला ठोकळा आणि थंड ठोकळा दिसायला सारखेच पांढुरके असतात. ठोकळा लाल होण्याची वाट पाहावी, तर लाल होण्याआधीच तो कोसळतो. शुद्ध ॲल्युमिनियमाचा वितळबिंदू ६६०° से. असला, तरी त्याच्या पुष्कळशा मिश्रधातू त्याहून बऱ्याच खाली वितळू लागतात.

त्यामुळे सुरुवातीच्या कारागिरांना निरनिराळ्या युक्त्या योजाव्या लागल्या. पाइन लाकडाची कोरडी काडी धातूवर ओढल्यास तिचा जळून काळा ओरखडा उठतो का, किंवा पृष्ठावर काढलेली साबणाची रेघ केव्हा काळवंडते, यावरून ते तापमानाचा अदमास घेत. अशा खुणांवर पातेल्यासाठी पत्रा मऊ करून घेणे शक्य होते. विमानाचा भाग घडविणे शक्य नव्हते. प्लॅटिनम व ऱ्होडियम यांच्या तारांचा तापयुग्म तापमापक फ्रेंच शास्त्रज्ञ आंरी ल शातल्ये यांनी १८८६-८७ च्या सुमारास प्रचारात आणला. अमेरिकेत चार्ल्स मार्टिन हॉल व फ्रान्समध्ये पॉल एरू यांनी विद्युत्‌ विच्छेदनाने ॲल्युमिनियम स्वस्तात मिळविण्याची रीत स्वतंत्रपणे शोधून काढली तेही वर्ष १८८६ हेच होते. हा योगायोग असला, तरी पुढील घटना पाहता तो अर्थपूर्ण वाटतो. कारण पहिल्या साधनावाचून दुसऱ्या शोधाचा पुरता लाभ घेता आला नसता.

तापमानाच्या मर्यादा : पोलादाची घडाई सामान्यतः १,२५०° से. च्या आसपास सुरू करून ९००° से. पर्यंत चालू ठेवता येते. म्हणजे लोहाराच्या हाती तीनशे अंशांहून अधिक अवकाश असतो. ॲल्युमिनियमाच्या मिश्रधातूंना एवढी सवलत नाही. तांबेयुक्त २०१४ या मिश्रधातूची घडाई ४२०° ते ४६०°, मॅग्नेशियम व सिलिकॉनयुक्त ६०६१ ची ४३०° ते ४८०° आणि जस्त, मॅग्नेशियम व तांबे असलेल्या ७०७५ ची ३८०° ते ४४०° से. एवढ्याच टप्प्यात करतात. या पट्ट्याची रुंदी चाळीस ते साठ अंशांची आहे.

वरची मर्यादा मिश्रधातूच्या अंतर्रचनेमुळे पडते. ओतीव ठोकळा थिजताना मिश्रक मूलद्रव्ये सर्वत्र सारखी पसरत नाहीत. शेवटी थिजणाऱ्या कणसीमांवर त्यांची गर्दी होते. तेथील मिश्रण उरलेल्या धातूपेक्षा पुष्कळ आधी वितळते. ॲल्युमिनियम व तांबे यांचे असे सुलभद्राव्य मिश्रण ५४८° से. ला वितळते, त्यात मॅग्नेशियमाची भर पडली की हाच बिंदू सुमारे ५०७° पर्यंत खाली येतो आणि ७०७५ च्या ओतीव ठोकळ्यात तो ४७५° च्या जवळपास असतो. कणसीमेवर द्रवाचा सूक्ष्म थर तयार झाला की बाहेरून अखंड दिसणारा ठोकळा पहिल्याच दाबाला चिरफाळतो. भट्टीत तापमान एकदा या मर्यादेपलीकडे गेले, तर धातू पुन्हा थंड करूनही ही हानी पुरती भरून येत नाही. यासाठी ओतीव ठोकळे रूपणापूर्वी कित्येक तास ठराविक तापमानात ठेवून मिश्रकांचे वाटप सारखे करून घेतात.

खालची मर्यादा बलाची आहे. तापमान उतरले की धातूचा विरोध झपाट्याने वाढतो, मुद्रेचे कोपरे भरत नाहीत व कडांना भेगा जातात. ॲल्युमिनियम उष्णतेचे उत्तम वाहक असल्याने गार मुद्रेला टेकताच ठोकळ्याची उष्णता निघून जाते. म्हणून मुद्राही तापवाव्या लागतात. सावकाश चालणाऱ्या द्रवीय दाबयंत्रात त्या ३१५° ते ४३०° से. पर्यंत म्हणजे जवळजवळ ठोकळ्याइतक्याच तापवितात. घणाच्या कामात संपर्क क्षणभराचाच असल्यामुळे ९५° ते १५०° पुरतात. पोलादाच्या भट्टीवर आयुष्य घालविलेल्या कारागिराला मुद्रा तापविणे ही गोष्ट प्रथम विपरीतच वाटते.

याहून फसवी गोष्ट म्हणजे रूपणातच निर्माण होणारी उष्णता. धातू विरूप करण्यासाठी खर्ची पडलेल्या ऊर्जेचा बहुतेक भाग उष्णतेत बदलतो. काम संथ असेल तर ही उष्णता मुद्रेत निघून जाते. घणाचे प्रहार जलद असतील तर ती ठोकळ्यातच साठते. चांगल्या मोठ्या विरूपणात एवढ्यानेच तापमान तीस-चाळीस अंशांनी वाढू शकते. ७०७५ चा ठोकळा भट्टीतून नेमका ४४०° ला बाहेर काढला, तरी घणाखाली तो ४७५° च्या धोक्याच्या रेषेला भिडू शकतो, हे यावरून ध्यानात येईल. भट्टीचा तापमापक अचूक असूनही भाग का फुटतात, याचे उत्तर पुष्कळदा येथे सापडते. बहिःसारणातही हाच नियम चालतो. खिडक्यांच्या चौकटींची ६०६३ ही मिश्रधातू मुद्रेतून मिनिटाला ३० ते ८० मी. वेगाने निघू शकते, तर ७०७५ किंवा २०२४ यांना मिनिटाला १ ते ३ मी. एवढ्या गोगलगायीच्या गतीने ढकलावे लागते. वेग वाढविल्यास पट्टीच्या पृष्ठावर आडव्या भेगांची रांग उठते. विमानाच्या पट्ट्या महाग पडण्याचे हे एक साधे कारण आहे.

ड्युराल्युमिन आणि त्यानंतर : शुद्ध ॲल्युमिनियम इतका मऊ असतो की थंड अवस्थेतही तो सहज लाटता येतो. त्यामुळे सुरुवातीच्या दोन दशकांत तप्त रूपणाचा प्रश्न तीव्र झालाच नाही. तो निर्माण केला तो आल्फ्रेड व्हिल्म या जर्मन धातुवैज्ञानिकाच्या शोधाने. बर्लिनजवळील नॉइबाबेल्सबर्ग येथील प्रयोगशाळेत १९०६ मध्ये व्हिल्म यांनी तांबे व थोडे मॅग्नेशियम असलेली मिश्रधातू सुमारे ५००° से. पर्यंत तापवून पाण्यात विझविली. ती पोलादाप्रमाणे लागलीच कठीण झाली नाही. परंतु दोन दिवसांनी पुन्हा मोजमाप घेतले तेव्हा तिची कठिनता आपोआप पुष्कळ वाढलेली आढळली. १९०९ मध्ये तिचे एकस्व घेण्यात येऊन ड्यूरेन येथील कारखान्याने ती ड्युराल्युमिन या नावाने बाजारात आणली. सांगाडे ड्युराल्युमिनचे केल्यामुळे झेपेलिन हवाई जहाजे हलकी व मजबूत झाली. या कठिनीकरणाचे कारण, म्हणजे घन विद्रावातून अतिसूक्ष्म कणांचे होणारे अवक्षेपण, १९१९ मध्ये अमेरिकेतील पॉल मेरिका व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुचविले. त्याचा प्रत्यक्ष पुरावा क्ष-किरणांच्या साहाय्याने फ्रान्समध्ये ग्विन्ये व इंग्लंडमध्ये प्रेस्टन यांनी १९३८ मध्ये मिळविला. विझविलेले ड्युराल्युमिनचे रिव्हेट कठीण होण्यापूर्वीच ठोकावे लागत असल्याने विमानांच्या कारखान्यांत ते बर्फपेटीत जपून ठेवीत.

बलवान मिश्रधातू मिळाली, पण जी मिश्रधातू थंडपणी बलवान ती तापल्यावरही अधिक हट्टी असते. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत एंजिनांच्या दट्ट्यांसाठी तांबे, निकेल व मॅग्नेशियम असलेली ‘वाय’ मिश्रधातू तयार झाली. तापमानातही ताकद टिकविणे हाच तिचा गुण असल्याने ती घडविणे साहजिकच कष्टाचे होते. अशा विरोधाला तोंड देण्याचे दोन मार्ग होते : ठोकळा सुधारणे आणि यंत्र मोठे करणे. पहिला मार्ग १९३० नंतरच्या दशकात सापडला. साच्यातून खाली उतरणाऱ्या ठोकळ्यावर थेट पाण्याचे फवारे सोडून तो वेगाने थिजविण्याची रीत जर्मनी व अमेरिका येथे रूढ झाली व त्यामुळे बारीक कणांचे, एकसारखे ठोकळे मिळू लागले. तप्त रूपणाच्या प्रगतीत या ओतकामाच्या सुधारणेचा वाटा मोठ्या दाबयंत्रांहून कमी नाही. पण ती दृष्टीत भरणारी नसल्याने तिची वाच्यता फारशी होत नाही.

दुसरा मार्ग दुसऱ्या महायुद्धात टोकाला गेला. जर्मनीने विमानांचे मोठे भाग तुकडे जोडून करण्याऐवजी एकसंध घडविण्यासाठी सुमारे ३०,००० टन बलापर्यंतची दाबयंत्रे उभारली. युद्धानंतर त्यांपैकी सर्वांत मोठे सोव्हिएट रशियाने, तर १५,००० टनांची दोन अमेरिकेने नेली. पुढे अमेरिकी सरकारने स्वतःच्या खर्चाने अवजड दाबयंत्रांची योजना आखली व १९५५ मध्ये क्लीव्हलँड आणि ग्राफ्टन येथे प्रत्येकी ५०,००० टनांची दाबयंत्रे सुरू झाली. धातू घडविण्याची क्षमता हीच लष्करी सामर्थ्याची अट बनली होती आणि ज्या देशांजवळ ती नव्हती त्यांना विमाने जोडता येत असली, तरी घडविता येत नव्हती.

भारतातील वाटचाल : भारतात ॲल्युमिनियम आला तो भांड्यांच्या रूपाने. मद्रासच्या कलाशाळेत ॲल्फ्रेड चॅटर्टन यांनी १८९८ मध्ये ॲल्युमिनियमाची भांडी बनविण्यास आरंभ केला व लवकरच हा धंदा देशभर पसरला. तांब्या-पितळेच्या कामात मुरलेल्या कारागिरांना तो अवघड गेला नाही; कारण पुण्याचा किंवा नाशिकचा तांबट तांब्याचा पत्रा मधूनमधून तापवून मऊ करतो, परंतु घडवितो थंडच. हे थंड काम होते. त्यातून भांडी आली, तप्त रूपणाची विद्या आली नाही.

ही उणीव प्रथम उघड झाली ती विमानांच्या संदर्भात, आणि तिचा एक धागा इंदापूर तालुक्यात पोहोचतो. सोलापूर येथे जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद (१८८२-१९५३) यांनी १९३० नंतरच्या दशकात कळंब गावाच्या परिसरात उसाची शेती व साखर कारखाना उभा केला. तेच आजचे वालचंदनगर होय. मोटारींच्या कारखान्याच्या वाटाघाटींसाठी १९३९ मध्ये केलेल्या अमेरिकेच्या दौऱ्यात विमानप्रवासात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकी विमानव्यावसायिकाशी गाठ पडली. तिचे फलित म्हणजे २३ डिसेंबर १९४० रोजी म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीने बंगलोर येथे स्थापन झालेली हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी. अवघ्या काही महिन्यांत, १९४१ मध्ये, हार्लो जातीचे प्रशिक्षण विमान तेथून उडाले. पाठोपाठ १९४२ मध्ये कर्टिस हॉक हे लढाऊ विमान जुळविण्यात आले. जपानच्या युद्धप्रवेशानंतर सरकारने १९४२ मध्ये वालचंदांचा हिस्सा विकत घेतला व पुढील वर्षी कारखाना अमेरिकी वायुसेनेच्या दुरुस्तीकामाकडे सोपविला.

या प्रकरणाची चर्चा बहुधा भांडवल आणि सरकारी धोरण यांच्या अंगाने होते. धातूच्या अंगाने पाहिल्यास निराळे चित्र दिसते. कारखाना उभा राहिला, कामगार तयार झाले, परंतु विमानाचे भाग अमेरिकेहून येत. देशातील पहिली ॲल्युमिनियम लाटणगिरणी बंगालमध्ये बेलूर येथे इंडियन ॲल्युमिनियम कंपनीने १९४१ मध्ये सुरू केली, तीही आयात ठोकळ्यांवर. देशात ॲल्युमिनियम प्रत्यक्ष गाळला गेला तो केरळातील आलुपुरम येथे १९४३ मध्ये. पंखाची तुळई, चाकांच्या आधाराचे सांधे, एंजिनाचे दट्टे यांसाठी लागणारी घडाईची साधने व अनुभव त्या वेळी येथे नव्हते. वालचंदांच्या हाती कारखाना राहिला असता, तरी ही अडचण काही वर्षे टळली नसती, असेच म्हणावे लागते.

युद्धानंतर कोल्हापूर जिल्ह्यातील हसूर येथे जन्मलेले वैमानिक अभियंते विष्णू माधव घाटगे यांनी बंगलोरलाच भारतीय विमानांच्या आराखड्यांची परंपरा सुरू केली. त्यांचे संपूर्ण धातूचे एचटी-२ हे प्रशिक्षण विमान १९५१ मध्ये उडाले. कुर्ट टांक यांच्या मार्गदर्शनाखालील मरुत हे जेट लढाऊ विमान १९६१ मध्ये आकाशात गेले. वेग वाढला तसे भाग जाड व अधिक बलवान मिश्रधातूंचे होत गेले. नाशिकजवळ ओझर येथे १९६४ मध्ये मिग-२१ विमानांसाठी उभारलेल्या कारखान्यामुळे डी-१६ व व्ही-९५ या रशियन मिश्रधातू महाराष्ट्रातील कामगारांच्या हाताखाली आल्या. पहिली गुणधर्मांनी २०२४ ला आणि दुसरी ७०७५ ला जवळची आहे. संरक्षण खात्याने १९६० नंतरच्या दशकात नागपूरजवळ अंबाझरी येथे आयुधनिर्माणी उभारून तेथे हलक्या मिश्रधातूंचे बहिःसारण व घडाई यांची सोय केली. २०२१ मधील पुनर्रचनेनंतर ती यंत्र इंडिया या सरकारी कंपनीत समाविष्ट झाली. हिंदुस्थान एरोनॉटिक्सने १९७४ मध्ये बंगलोर येथे ओतकाम व घडाई यांचा स्वतंत्र विभाग सुरू केला. हार्लो विमानाच्या उड्डाणापासून तोवर तेहतीस वर्षे लोटली होती.

कच्च्या मालाच्या दृष्टीने मराठी मुलुख दरिद्री नाही. कोल्हापूर व बेळगाव भागांतील बॉक्साइटावर बेळगाव येथे इंडियन ॲल्युमिनियम कंपनीने १९७० च्या सुमारास कारखाना काढला. तेथील धातू गाळण्याचे काम पुढे बंद पडून केवळ ॲल्युमिना तयार होऊ लागला. तळोजे येथील लाटणगिरणी हे आणखी एक उदाहरण. भारत ॲल्युमिनियम कंपनीचा रत्नागिरी येथील नियोजित प्रकल्प मात्र जमीन संपादन होऊनही प्रत्यक्षात उतरला नाही.

वर्तनाची उपपत्ती : ॲल्युमिनियम तापल्यावर नेमके काय होते, हे कळायला दीर्घकाळ लागला. धातू विरूप होतो तो स्फटिकांतील स्थानभ्रंश या रेषारूप दोषांच्या सरकण्यामुळे. थंड अवस्थेत हे दोष एकमेकांत अडकून साठत जातात व धातू कठीण होतो. वाकवलेली तार पुन्हा त्याच जागी वाकत नाही ती यामुळेच. तापमान वाढले की दोषांना आपली पातळी सोडून चढता-उतरता येते, परस्परविरुद्ध दोष एकमेकांना नष्ट करतात आणि उरलेले रांगेने लागून कणांच्या पोटात लहान लहान उपकण तयार करतात. दोष निर्माण होण्याचा व नाहीसे होण्याचा वेग सारखा झाला की धातूचा विरोध स्थिर होतो. मग तो कितीही लांबविला तरी अधिक कठीण होत नाही. ॲल्युमिनियमात ही आपोआप सावरण्याची क्रिया फार सहज चालते. तांबे, निकेल किंवा तप्त पोलाद यांत तसे नसते. तेथे दोष साचत जाऊन विरूपण चालू असतानाच अगदी नवे कण जन्म घेतात. लोहाराचे ज्ञान ॲल्युमिनियमाला न लागण्याचे, रंगाइतकेच, हेही कारण आहे.

उपकणांची ही रचना टिकविता आली, तर तिचा फायदा होतो. मँगॅनीज, क्रोमियम किंवा झिर्कोनियम यांच्या सूक्ष्म कणांनी उपकणांच्या सीमा जखडून ठेवल्यास बहिःसारित दांडीची लांबीच्या दिशेतील ताकद लाटलेल्या पत्र्याहून अधिक भरते. उलट, पृष्ठाजवळच्या थरात ही रचना मोडली, तर पुढील उष्णता-संस्करणात तेथे राक्षसी आकाराचे कण वाढतात व भाग थकव्याने लवकर तडकतो. दांडी कापून तिच्या छेदावर आम्ल लावले की बाहेरच्या बाजूस असे भरड कणांचे कडे साध्या डोळ्यांनीही दिसते.

तापमान व विरूपणाचा वेग यांचा परस्परसंबंध क्लॅरेन्स झेनर व जॉन हॉलोमन यांनी १९४४ मध्ये एका सूत्रात बांधला. त्यांचा अभ्यास पोलादावर होता; तथापि सूत्र ॲल्युमिनियमाला विशेष चांगले लागू पडते. वेग वाढविणे आणि तापमान कमी करणे यांचा धातूवरील परिणाम एकसारखा असतो, हे त्याचे सार. ॲल्युमिनियमासाठी संक्रियण ऊर्जा मोलला सुमारे १५० किलोजूल धरल्यास, ४५०° से. ला विरूपणाचा वेग दसपट करणे म्हणजे धातू सुमारे साठ अंशांनी थंड करण्यासारखे ठरते. ऊर्जेचे हे मूल्य ॲल्युमिनियमाचे अणू जागा बदलण्यास लागणाऱ्या ऊर्जेच्या जवळपास आहे, यावरून वर सांगितलेल्या दोषांच्या चढउताराचीच पुष्टी होते. सेलर्स व टेगार्ट यांनी १९६६ मध्ये या संबंधाला कमी-अधिक सर्व प्रतिबलांसाठी चालणारे गणिती रूप दिले.

कारखानदाराला मात्र सूत्रापेक्षा नकाशा हवा होता : या मिश्रधातूसाठी या तापमानाला या वेगाने काम सुरक्षित आहे की नाही? या दिशेने महत्त्वाचे काम भारतात झाले. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील वाय. व्ही. आर. के. प्रसाद यांनी अमेरिकी सहकाऱ्यांसमवेत १९८४ मध्ये एका टिटॅनियम मिश्रधातूच्या अभ्यासातून संस्करण-नकाशांची कल्पना मांडली. एका अक्षावर तापमान व दुसऱ्यावर वेग घेऊन, पुरविलेल्या शक्तीपैकी किती भाग अंतर्रचना बदलण्यात खर्ची पडतो याच्या समोच्चरेषा अशा नकाशावर काढतात व भेगा पडण्याचे अस्थिर प्रदेश वेगळे दाखवितात. प्रसाद व शशिधर यांचा अशा नकाशांचा संग्रह १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला व त्यात ॲल्युमिनियमाच्याही अनेक मिश्रधातू आल्या. या पद्धतीच्या सैद्धांतिक पायावर माँतेये, जोनास व नील यांनी १९९६ मध्ये कठोर आक्षेप घेतले असून ते पूर्णपणे निकालात निघालेले नाहीत. तरीही नकाशांचा वापर थांबला नाही. पायाविषयी वाद असूनही बहुतेक वेळा योग्य जागी बोट ठेवणारे साधन कारखान्यातील माणूस सहसा टाकून देत नाही. वर्षानुवर्षे ठोकळे फोडून मिळणारा अनुभव काही आठवड्यांच्या चाचण्यांतून मिळू लागला, हा त्याचा व्यावहारिक लाभ आहे.

पुणे परिसर : पुण्याजवळ मुंढवा येथे नीळकंठराव कल्याणी यांनी १९६१ मध्ये स्थापन केलेल्या भारत फोर्ज कंपनीचे उत्पादन १९६६ मध्ये सुरू झाले व ती मोटारींच्या पोलादी भागांच्या घडाईत अग्रेसर ठरली, बारामतीच्या औद्योगिक क्षेत्रातही तिचा कारखाना आहे. पोलादातील एवढ्या अनुभवानंतरही ॲल्युमिनियमाच्या घडाईत शिरताना या कंपनीने २००४ मध्ये जर्मनीतील त्याच कामाचा चालू कारखाना विकत घेतला, ही गोष्ट बोलकी आहे. मोटारींच्या चाकांचे बाहू बहुधा ६०८२ या मिश्रधातूच्या बहिःसारित दांड्यांपासून घडवितात. तापविणे, वाकविणे, घडविणे, कडा छाटणे, विझविणे व कठीण करणे अशा साखळीत प्रत्येक टप्प्याचे तापमान पुढच्या टप्प्याचे फळ ठरविते आणि ती शिस्त यंत्रांबरोबर माणसांतही मुरावी लागते.

वालचंदनगरच्या अवजड यंत्रांच्या कारखान्यात पुढे भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या अग्निबाणांची घन इंधनाची आवेष्टने बनू लागली. ती विशिष्ट पोलादाची असतात. त्याच अग्निबाणांच्या द्रव इंधनाच्या टाक्या ॲल्युमिनियमाच्या असून त्या बंगलोर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये, म्हणजे वालचंदांनीच स्थापिलेल्या कंपनीच्या उत्तराधिकाऱ्याकडे तयार होतात. द्रव हायड्रोजनासाठी २०२० मध्ये तेथे बनलेली एक टाकी ४ मी. व्यासाची व ८ मी. लांबीची होती. अशा टाक्यांसाठी २२१९ ही सुमारे ६ टक्के तांबे असलेली मिश्रधातू वापरतात. ती सहज सांधता येते व अतिशीत अवस्थेत ठिसूळ होत नाही. टाकीचे भाग जेथे एकमेकांस मिळतात तेथील जाड कडी ठोकळ्याला भोक पाडून, तो सुमारे ४३०° ते ४७०° से. ला दोन रुळांमध्ये फिरवून वाढवीत नेऊन बनवितात. त्यानंतर कडे ५३५° च्या आसपास तापवून पाण्यात विझवितात. विझविताना आत कोंडलेले ताण घालविण्यासाठी ते थंड अवस्थेतच किंचित ताणतात आणि मगच त्याला कठीण होण्यासाठी भट्टीत ठेवतात. ताणण्याचे प्रमाण काही टक्क्यांचेच असते, पण ते चुकल्यास कातकामाच्या वेळी कडे वाकडे होते आणि आधीचे सर्व श्रम वाया जातात.